खान्देशातल्या कीर्तनकार, इमाम, पास्टर, भंते आणि मुनिजनांना खुले पत्र: लोभावर बोलता, आता हिशेबावर बोला

सप्रेम नमस्कार, जय भीम, सलाम, जय जिनेंद्र, आप की जय.

आपल्या व्यासपीठावरून वर्षातून एकदा तरी दोन विषय निघतातच. एक पैशाचा लोभ, दुसरा बाहेरून आलेले लोक. पहिल्यावर आपण इतके मोघम बोलता की शेकडा पाचाने पैसे फिरवणारा पुढच्या रांगेत बसून मान डोलावतो आणि महाप्रसाद घेऊन समाधानाने घरी जातो. दुसऱ्यावर मात्र फार नेमके बोलले जाते: कोणती वस्ती, कोणती बोली, कोणता धंदा. आमची विनंती अशी की हे उलटे करा. पैशावर नेमके बोला आणि माणसांवर जपून.

आम्ही जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत मजुरांच्या उचलीचे, म्हणजे कामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेचे, हिशेब तपासतो, सावकारीच्या तक्रारी लिहून देतो. शास्त्र शिकवायला आलेलो नाही. पण आपल्याच ग्रंथांत जे आकडे आणि नियम आहेत ते प्रवचनात येत नाहीत, एवढे इतकी वर्षे ऐकून कळले आहे.

भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थाचा धर्म सांगतात. पोट भरेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क. त्याहून अधिक आपले म्हणणारा चोर, त्याला दंड व्हावा. सप्ताहात सातवा स्कंध येतो तेव्हा प्रल्हादाचे आख्यान दोन तास रंगते आणि हा श्लोक राहून जातो. तुकोबांचा ‘जोडोनियां धन उत्तम वेव्हारें’ हा चरण तर सगळ्यांच्या तोंडी आहे. पण उत्तम व्यवहार कोणता, हे कोणी फोड करून सांगत नाही. तुकोबांच्या घरी महाजनकी होती, येणे होते. भावाच्या वाट्याची कर्जखते भावाला देऊन स्वतःच्या वाट्याची त्यांनी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ज्याचे येणे होते त्यानेच खते बुडवली, ही गोष्ट सावकारासमोर स्पष्ट म्हणायला काय हरकत आहे?

मौलाना साहेब, जकातीचा चाळिसावा हिस्सा आणि निसाब, म्हणजे जकात लागू होण्याची किमान मर्यादा, लोकांना माहीत असतो, ६१२.३६ ग्रॅम चांदीचा हिशेब घराघरांत होतो. पण जकात कुणाला द्यायची याचे जे आठ खाने कुराणाने घालून दिले, त्यांत कर्जात बुडालेला आणि वाटसरू हे दोन आहेत. रमजानमध्ये त्यांच्या नावाने वेगळी रक्कम काढलेली क्वचितच दिसते. कर्जदार अडचणीत असेल तर हात मोकळा होईपर्यंत त्याला मुदत द्या, हा आदेशही सूरह बकराच्या त्याच भागात आहे जिथे व्याज हराम ठरवले आहे. अर्धाच सांगितला जातो. नवापूरकडच्या पास्टरांनी बायबलातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा २४ वा अध्याय काढावा: मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या. भंतेजींना अंगुत्तर निकायातले गृहस्थाचे कर्जमुक्तीचे सुख आणि दीघ निकायातली कमाईची चार भागांतली वाटणी सांगायला नको. मुनिजनांच्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत, म्हणजे दोषांत, खोटे वजन-माप थेट नावाने आले आहे, आणि आमच्याकडे कपाशीची खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्याने गावात येऊन केलेली खरेदी, कुणाच्या काट्यावर होते हे श्रोत्यांतले निम्मे लोक जाणतात.

आता उचलीवर येतो. यात आपण थोडे डोके घालावे ही कळकळीची विनंती, कारण इथे ‘लोभ सोडा’ या उपदेशाने काहीच हलत नाही.

समजा नंदुरबारच्या डोंगरातल्या एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, श्रावणात मुकादमाकडून, म्हणजे ऊसतोडीची टोळी जमवणाऱ्याकडून, ५०,००० रुपये उचल घेतली. दिवाळीनंतर मुकादम त्यांना बारडोली-सुरतकडच्या उसाच्या फडात नेतो. गुजरात सरकारने २०२३ मध्ये तोडणीचा किमान दर टनाला २३८ रुपयांवरून ४७६ केला. जोडी चांगल्या दिवशी दोन टन तोडून, बांधून, गाडीत भरते. १२० दिवस काम मिळाले तर २४० टन, म्हणजे १,१४,२४० रुपये. मधल्या काळात बाजारहाटासाठी आठवड्याला १,२०० रुपये खर्ची मिळते. १७ आठवड्यांचे २०,४०० होतात. उचल आणि खर्ची मिळून ७०,४००. सरळ हिशेबाने ४३,८४० रुपये घरी आले पाहिजेत.

पण तिकडे उचलीवर आणि खर्चीवरही दिढी, म्हणजे एकाचे दीड, लागते. ७०,४०० चे १,०५,६०० होतात. हातात राहतात ८,६४०. फरक ३५,२०० रुपयांचा. तो टनांत मोजा: जवळपास ७४ टन ऊस, म्हणजे दोघांची ३७ दिवसांची तोडणी नुसत्या व्याजापोटी. आणि हे सगळे किमान दर खरोखर मिळाला तर, वजन बरोबर लागले तर, बायको आजारी पडली नाही तर. अवकाळी पाऊस झाला, गाडी आली नाही, फड लांबला की बाकी पुढच्या हंगामावर चढते आणि तीच माणसे पुन्हा त्याच मुकादमाच्या गाडीत बसतात.

यातली खरी मेख पुढेच आहे. मजुरी हंगामाच्या शेवटी मिळते. रोजचे ९५२ रुपये धरले आणि खर्ची वजा केली तर साधारण ६५ व्या दिवशी उचल फिटलेली असते. तिथून पुढे मजूर कर्जदार राहत नाही, उलट त्याचेच पैसे समोरच्याकडे पडून असतात, तेही बिनव्याजी. म्हणजे मुकादमाचा पैसा मजुराकडे दिढीने आणि मजुराचा पैसा मुकादमाकडे फुकट. भांडवलशाहीवर प्रवचन करायचे असेल तर अमेरिकेपर्यंत जायची गरज नाही, एवढा एक हिशेब फळ्यावर मांडला तरी पुरे.

वजनाची तऱ्हा वेगळीच. एका गाडीत चार-पाच कोयत्यांचा ऊस जातो, कारखान्याच्या काट्याची पावती मिळते गाडीवाल्याला, आणि मजुराच्या वहीत आकडा लिहितो मुकादम. वही मुकादमाजवळच राहते. पावतीचा मोबाइलवर फोटो काढणे, मोळ्या मोजून कोयत्यागणिक वाटा त्याच संध्याकाळी स्वतःच्या वहीत टिपणे, एवढ्या दोन गोष्टींनी शेवटच्या दिवसाचे निम्मे भांडण मिटते. टोळीत लिहिता येणारे एक तरी पोर असते. वही कुणाच्या हातात राहणार हे गाव सोडण्याआधी ठरवावे लागते, फडात गेल्यावर नाही.

महाराष्ट्रातल्या कारखान्यांकडे जाणाऱ्यांचा दर जानेवारी २०२४ च्या तडजोडीनंतर टनाला ३६६ रुपये आहे, मुकादमाचे कमिशन २० टक्के वेगळे. तिथे उचलीचा आकडा मोठा असतो आणि जोडी पळून गेली की मुकादमच बुडतो, म्हणून मारहाण, डांबून ठेवणे हे प्रकार होतात. सगळे मुकादम राक्षस नसतात. त्यांच्याही डोक्यावर कारखान्याचा करार असतो. पण माणसाला उचलीपोटी जागेवर अडकवले आणि किमान वेतनापेक्षा कमी दिले की ते १९७६ च्या कायद्याप्रमाणे वेठबिगारीत मोडते आणि ते कर्ज कायद्यानेच रद्द होते. अर्ज करायचा तो माणूस जिथे अडकला आहे तिथल्या जिल्हाधिकाऱ्याकडे किंवा प्रांताधिकाऱ्याकडे. नातेवाईक धावतात गावच्या पोलिस ठाण्यात, तिथून मुकादमाला फोन जातो, तडजोड होते, टोळी सुटते आणि हाती कागद काहीच नाही. मुक्तता प्रमाणपत्र हातात नसेल तर पुनर्वसनाची रक्कम, जी प्रौढ पुरुषाला १ लाख आहे, मिळत नाही आणि बाकीही कागदावर जिवंत राहते. ‘आम्ही राजीखुशीने आलो’ अशा कागदावर अंगठा घेतला जातो तो याचसाठी. अंगठा देऊ नका, हे एक वाक्य चर्चमध्ये, भजनात, आरतीनंतर सांगितले तर आमच्या दहा बैठकांपेक्षा लांब पोहोचते.

गावातल्या सावकारीचे गणित सोपे आहे, तरी लोक ते करत नाहीत कारण व्याज महिन्याच्या भाषेत सांगितले जाते. शेकडा तीन म्हणजे वर्षाला ३६ टक्के, शेकडा पाच म्हणजे ६०. महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली परवानाधारक सावकाराला शेतकऱ्याकडून तारण असेल तर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. बिगरशेती कर्जाला हेच १५ आणि १८. व्याजाची एकूण रक्कम मुद्दलापुढे जाऊ शकत नाही. हा दामदुपटीचा नियम इंग्रजांनी किंवा मुंबईच्या विधानसभेने शोधलेला नाही, तो जुन्या धर्मशास्त्रांतून आला आहे. म्हणजे कीर्तनकार महाराजांनी तो सांगितला तर राजकारण केले असे कुणी म्हणू शकणार नाही. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. जमीन खरेदीखताच्या नावाखाली लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो, व्यवहार पंधरा वर्षांच्या आतला असावा लागतो. अर्ज फसतात ते बहुतेक एकाच कारणाने: खरेदीखतावर पूर्ण किंमत मिळाल्याचे लिहिलेले असते आणि कर्ज होते याचा दुसरा पुरावा नसतो. म्हणून हप्ता रोखीने न देता मोबाइलवरून द्यावा. ती नोंद हाच पुरावा.

पैशावर नेमके बोलण्याची किंमत मोजावी लागते, हे आम्हाला कळते. सप्ताहाच्या फलकावर अन्नदात्यांची नावे असतात आणि त्यांत कोण आहे हे आपल्यालाही ठाऊक असते. जगभरच्या आपल्या समव्यवसायी मंडळींचीही यातून सुटका झालेली नाही. २०१३ च्या जुलैमध्ये इंग्लंडच्या चर्चचे तेव्हाचे मुख्य धर्मगुरू जस्टिन वेल्बी यांनी जाहीर केले की जबर व्याजाने तातडीची कर्जे देणाऱ्या वोंगा या कंपनीला आम्ही पतसंस्था उभ्या करून बाजारातून उठवू. दुसऱ्याच दिवशी उघड झाले की चर्चचाच पैसा, एका गुंतवणूक निधीमार्फत, त्या कंपनीत गेला होता. वेल्बींनी लाज वाटल्याचे जाहीरपणे कबूल केले आणि चौकशी लावली. धडा असा की आधी स्वतःच्या ट्रस्टची पासबुके तपासावीत.

आपल्याकडे ते काम फार अवघड नाही. देवस्थान, मशीद, विहार, मंदिर यांच्या ट्रस्टची रक्कम कुठे आहे? बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. जळगाव जिल्ह्यात पतसंस्था बुडाल्या तेव्हा म्हाताऱ्या माणसांच्या आयुष्यभराच्या ठेवी अडकल्या, हे इथे कुणाला सांगायला नको. दीड-दोन टक्के जास्त व्याजासाठी ट्रस्टचा पैसा तिथे ठेवणारा विश्वस्त लोभावरचे प्रवचन ऐकायला पहिल्या रांगेत असतो. आणि दानपेटीतून नाव न लिहिता कुणाला ‘मदत’ म्हणून व्याजाने पैसे फिरत असतील तर ते आजच थांबवा.

संपत्तीबद्दल धर्मगुरूंचे मत एकच असते, असेही नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात खासगी मालमत्तेचा हक्क ठामपणे मान्य केला, समाजवाद नाकारला, आणि त्याच कागदात कामगाराला त्याचे घर चालेल एवढे वेतन मिळालेच पाहिजे असे बजावले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ मध्ये माणसाला बाजूला फेकणारी अर्थव्यवस्था मारक ठरते असे लिहिले, तेव्हा त्यांना मार्क्सवादी म्हटले गेले. त्यांनी ते नाकारले. दलाई लामा स्वतःला अर्धा मार्क्सवादी म्हणवून घेतात, पण २०१८ मध्ये स्वीडनच्या माल्मो शहरात ते म्हणाले की युरोप युरोपियनांचा आहे, निर्वासितांनी शेवटी परत जाऊन आपला देश उभारावा. १९५९ पासून ते स्वतः निर्वासित आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये फ्रान्सिस यांनी अमेरिकेतल्या बिशपांना पत्र लिहून सरसकट हद्दपारीला विरोध केला. गुन्हेगारांपासून संरक्षण करण्याचा देशाचा हक्कही त्यांनी त्याच पत्रात मान्य केला. दोन्ही वाक्ये एकाच पत्रात बसतात. आपल्या प्रवचनातही बसावीत.

कारण खान्देश एकाच वेळी माणसे पाठवतो आणि घेतो. सुरतेच्या लिंबायत-उधन्यात आपली इतकी माणसे आहेत की आपल्या कानबाई देवीचा रोट तिकडेही होतो. तिथे परप्रांतीय कोण? आपणच. इकडे रावेर-यावल-चोपड्याच्या केळीत, मृगबाग असो की कांदेबाग, सातपुड्यापलीकडच्या बडवानी-खरगोनचे पावरा-बारेला राबतात. जळगावच्या सराफ बाजारात बंगाली कारागीर दागिना घडवतात. सिंधी समाज १९४७ नंतर आला, मारवाडी आणि गुजर त्याआधी. अंमळनेरला ज्यांनी शाळेत पोरे घडवली आणि १९४७ च्या मे महिन्यात पंढरीच्या मंदिरप्रवेशासाठी उपोषण केले, ते साने गुरुजी तर कोकणातल्या पालगडचे.

स्थानिक मजुराची तक्रार खोटी नसते, हेही सांगून ठेवतो. बाहेरची टोळी आली की रोजंदारीचा दर पडतो. पण तो टोळीमुळे पडत नाही, ठेकेदार दोघांना दोन दर लावतो म्हणून पडतो. एकाच कामाला एकच दर, एवढे गावाने ठरवले की बाहेरचा स्वस्त राहत नाही आणि मग कुणी त्याला आणायला गाडीही पाठवत नाही. टोळीला शिव्या घातल्याने हे साधत नाही; घाबरलेला मजूर आणखी कमी दराने काम करतो. ठेकेदाराला तेच हवे असते. ‘घुसखोर’ हा शब्द तर माइकवरून उच्चारण्याआधी दोनदा विचार करावा. जून २०२५ मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर बांगलादेशात ढकलले गेले आणि भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. कोण कुठल्या देशाचा हे तपासणे शासनाचे काम आहे, मंडपाचे नाही.

धर्माच्या माणसाने या कामात पडू नये असे म्हणणाऱ्यांसाठी शहाद्याचे उदाहरण पुरेसे आहे. अंबरसिंग सुरतवंती यांना लोक अंबरसिंग महाराज म्हणत, कारण ते भजनी होते. भिल्ल वस्त्यांत भजनमंडळे घेऊन जात. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच मंडळांतून सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या शेतगड्यांच्या, पगाराचा, हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न उभा राहिला. ३० जानेवारी १९७२ ला शहाद्यात भूमुक्ती मेळावा झाला आणि पुढे श्रमिक संघटनेचे काम वाढले. बायकांनी दारूचे गुत्ते फोडले. त्याआधी तळोद्याच्या बाजूला गुलाम महाराजांच्या आरतीने दारू सोडवली होती, म्हणजे दारू विकणाऱ्या कलालाकडचे कर्जही. तेव्हा टाळ आणि हिशेबाची वही एकाच माणसाच्या हातात होती.

आता काय हवे ते सांगतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते. त्याच्या पंधरा दिवस आधी, आणि कोयते निघण्याआधी दसऱ्याच्या सुमारास, आपल्या कार्यक्रमात दहा मिनिटे आणि बाजूला एक टेबल. टेबलावर आम्ही एका पानाची पावती ठेवू. तिच्यावर उचल अंकी आणि अक्षरी, तारीख, कामाचे ठिकाण, टनाचा किंवा दिवसाचा दर, व्याज असेल तर वर्षाच्या टक्क्यात, परतीच्या प्रवासाचा खर्च कुणाचा, आणि वही कुणाकडे राहणार हे लिहायचे. नवरा-बायको दोघांची सही हवी. एकट्या नवऱ्याच्या नावाने उचल लागते आणि तो वारला तर बाकी बायकोच्या डोक्यावर येते, तिच्या मजुरीचा मात्र कुठेच उल्लेख नसतो. दोन प्रती काढायच्या, एक गावात ठेवायची. देवळाचे किंवा चर्चचे कपाट चालेल, मशिदीचेही.

त्याच टेबलावर रेशनकार्डाचे ई-केवायसी झाले का ते पाहू. कार्ड आता गुजरातेतही चालते, पण कोयता धरून बोटांच्या रेषा झिजतात आणि मशीन अंगठा घेत नाही; निघण्याआधी आधार अद्ययावत केले तर तिथे धान्य नाकारले जाण्याची शक्यता कमी होते. मुले मागे ठेवायची असतील तर हंगामी वसतिगृहाची मागणी शाळेमार्फत आधीच जावी लागते, टोळी निघून गेल्यावर यादीत नाव चढवणे कठीण.

होळीला, काठीच्या राजवाडी होळीला आणि भोंगऱ्याला, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजाराला, माणसे परततात तेव्हा हिशेब ताजा असतो. मुकादम ‘होळी करून या, मग देतो’ म्हणतो आणि रक्कम अडकते. त्या आठवड्यात पुन्हा एकदा टेबल लावू द्या. पावतीची गावातली प्रत आणि मजुराची वही समोरासमोर ठेवून किती टन, किती खर्ची, किती बाकी हे तिथेच जुळवता येते. मुकादमालाही बोलवा, बरेचदा तो येतो, आणि गावासमोर दिढीचे समर्थन करणे त्याला जड जाते. अन्नदात्यांच्या यादीसाठीही एक साधी अट घाला: जो व्याजाने पैसे देतो त्याने सावकारीच्या परवान्याची प्रत जोडावी.

जकातीच्या पैशातून किंवा मंदिराच्या अन्नदानातून थोडे वाचवून कुणाची उचल फेडायचा विचार असेल तर रोख रक्कम मुकादमाच्या हातात देऊ नका. आधी हिशेब मागा, दिढी वगळून बाकी काढा, ती बँकेतून भरा आणि ‘काही बाकी नाही’ असे लिहून घ्या. हे न करता फेडलेली उचल पुढच्या वर्षी पुन्हा वहीत दिसते.

पावतीचा नमुना मराठीत तयार आहे, पावरी आणि भिलोरीत वाचून दाखवणारी माणसे आहेत. आपल्या पुढच्या कार्यक्रमाची तारीख कळवा, कोरे गठ्ठे घेऊन येतो.

आपले,
खान्देशात मजुरांचे हिशेब लिहिणारे काही कार्यकर्ते